टॅलिनचं जुनं शहर : वरून सुरुवात करा आणि उतरत या

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरात हेलसिंकीला बहिणीकडे येणार आहात, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत, आईंचे गुडघे दुखतात. एक दिवस काढून बोटीने एस्टोनियाची राजधानी टॅलिनला जायचं आणि तिथलं मध्ययुगीन जुनं शहर बघून परत यायचं. 'दोन तासांत होतं' असं कोणीतरी सांगितलंय. ते खरं का, आणि काय बघावं, काय सोडावं?

दोन तास सांगणारा माणूस खोटं बोलत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तासही लागत नाही. बाल्टिक देशांत मराठी मंडळींचे गट फिरवणं हा माझा व्यवसाय आहे आणि गटात बहुतेक तुमच्या आई-बाबांच्याच वयाचे लोक असतात. त्या अनुभवावरून सांगतो, जमत असेल तर एक रात्र तिथे राहा. जमत नसेल तर सकाळची पहिली बोट धरा आणि रात्रीच्या बोटीने परता. सकाळी दहा-साडेदहा ते दुपारी चार हा काळ फेरी बोटी आणि क्रूझवरून उतरलेल्या लोकांचा असतो. पाठीमागे नंबराच्या पाट्या धरलेल्या गाइडांच्या रांगा असतात, त्यात मीही असतो. संध्याकाळी सहानंतर त्याच गल्ल्यांत आईंना मध्येच थांबून दम खाता येतो आणि मागून कोणी ढकलत नाही.

आता मुख्य गोष्ट. लोक नकाशा हातात घेतात आणि बंदराच्या बाजूने, म्हणजे खालून, चढायला लागतात. गुडघ्यांसाठी हे वाईट आहेच, पण शहर समजण्यासाठीही उलटं आहे. टॅलिन ही मुळात दोन शहरं होती, एक वर आणि एक खाली, आणि दोघांचं फारसं पटायचं नाही. वरच्याला टूम्पेआ म्हणतात. चुनखडकाचं हे पठार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. १२१९ साली डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार याने ही टेकडी घेतली आणि वर दगडी किल्ला बांधायला घेतला. डेन्मार्कचा लाल-पांढरा झेंडा याच लढाईत आकाशातून पडला अशी डॅनिश लोकांची आख्यायिका आहे, आणि टेकडीच्या उतारावर आजही 'डॅनिश राजाची बाग' आहे. वर राहायचे सत्ताधीश, बिशप आणि जहागीरदार. खाली व्यापारी आणि कारागीर, बहुतेक जर्मन बोलणारे. १२४८ मध्ये खालच्या शहराला ल्यूबेक या जर्मन व्यापारी शहराचा कायदा लागू झाला, म्हणजे कारभार नगरसभेचा, वरच्या सरदारांचा नव्हे. पुढे १३४६ मध्ये डेन्मार्कने उत्तर एस्टोनिया ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेला विकून टाकला, पण वर सरदार आणि खाली सावकार ही विभागणी तशीच राहिली. अगदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन्हींचा कारभार वेगळा होता. मधल्या रस्त्यांवर दरवाजे होते, ते रात्री बंद व्हायचे.

हे वैर किती खरं होतं याचा एक किस्सा मी प्रत्येक गटाला सांगतो. खालच्या शहरात नियम होता की पळून आलेला भूदास, म्हणजे जहागीरदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, एक वर्ष आणि एक दिवस टिकला तर तो स्वतंत्र. योहान फॉन उक्सक्युल नावाच्या जहागीरदाराने आपल्याच एका कुळाला छळून मारलं. माझं माणूस, मी काय वाटेल ते करीन, अशा समजुतीत तो शहरात आला, तर नगरसभेने त्याला पकडून खटला चालवला आणि १५३५ मध्ये हार्यू दरवाजापाशी त्याचं डोकं उडवलं. सरदार इतके खवळले की पुढे तो दरवाजा भिंत घालून बंद करावा लागला, असं सांगतात. व्यापाऱ्यांना गरिबांचा फार कळवळा होता असं समजू नका. त्यांना दाखवायचं होतं की तटाच्या आत कायदा आमचा चालतो.

म्हणून क्रम असा ठेवा. बंदरावरून टॅक्सी करा (बोल्ट हे ॲप मूळचं इथलंच आहे) आणि थेट वर, किल्ल्यासमोरच्या लॉसी चौकात उतरा. गाडी तिथपर्यंत जाते. आईंचा सगळा चढ असा वाचतो.

उतरल्याबरोबर समोर कांद्याच्या आकाराचे घुमट दिसतील. ते अलेक्सांडर नेव्हस्की कॅथेड्रल. सगळे पहिला फोटो याचाच काढतात आणि घरी 'मध्ययुगीन टॅलिन' म्हणून दाखवतात, पण ते १९०० मध्ये पुरं झालं. रशियन साम्राज्याने मुद्दाम एस्टोनियाच्या संसदेच्या आजच्या जागेसमोर, टेकडीच्या माथ्यावर बांधलेलं आहे. १९२०च्या दशकात ते पाडून टाकावं अशी जोरदार मागणीही होती. आत पूजाअर्चा चालू असते, फोटो काढू देत नाहीत. पाच मिनिटं डोकावून या. समोरच्या गुलाबी इमारतीत संसद भरते आणि तिच्या कोपऱ्यावरचा उंच बुरूज म्हणजे पिक हेरमान. त्याच्यावर फडकणारा निळा-काळा-पांढरा झेंडा सोव्हिएत राजवट अजून कोसळायची होती तेव्हाच, २४ फेब्रुवारी १९८९ला, पुन्हा चढवला गेला. इथल्या साठीच्या माणसांना तो दिवस विचारून बघा, ती तुम्हाला तासभर सोडणार नाहीत.

वरच्या शहरात मध्ययुग फारसं उरलेलं नाही. १६८४च्या आगीत टूम्पेआ जवळजवळ सगळं जळालं, त्यामुळे घरं नंतरची आहेत. पण टूमकिरिक, म्हणजे वरचं मुख्य चर्च, सोडू नका. भिंती भरून लाकडी कोरीव कुलचिन्हं आहेत, काही तर माणसापेक्षा मोठी. कोणत्या घराण्यांनी या देशावर शेकडो वर्षं राज्य केलं त्याची ती नोंदवहीच. दारातून आत जाताना पायाखाली एक मोठी दगडी फरशी येते. ओटो योहान थूव्ह नावाच्या रंगेल जमीनदाराची ती कबर. आपल्या पापांवर लोकांचे पाय पडावेत म्हणून त्याने उंबऱ्यातच पुरून घेतलं असं म्हणतात. काही गाइड याच्या उलट सांगतात, की येणाऱ्या बायका वरून जाताना दिसाव्यात म्हणून. जगाची सागरी प्रदक्षिणा करणारा रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टेर्न हाही इथेच पुरलेला आहे.

तिथून पाच मिनिटांवर कोहटुओत्सा नावाचा सज्जा आहे. खालची लाल कौलं, चर्चचे सुळके आणि मागे समुद्र, हे जे दृश्य कॅलेंडरवर असतं ते इथलं. बाकं आहेत, आई-बाबांना इथे निवांत बसवा. दुसरा सज्जा पाटकुली. तिथून तटबंदी आणि तिचे बुरूज जास्त चांगले दिसतात. पाटकुलीहून खाली जाणाऱ्या १५७ पायऱ्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

उतरायला दोन वाटा आहेत. एक पिक यल्ग, म्हणजे 'लांब पाय', दुसरी लुहिके यल्ग, 'आखूड पाय'. आखूड वाटेवर पायऱ्या आहेत. लांब वाट सरळ उताराची आहे, पूर्वी घोडेस्वार आणि गाड्या तिथूनच जायच्या, आईंना तिने न्या. एक पाय लांब आणि एक आखूड, म्हणून आमचं शहर लंगडत चालतं, असा विनोद इथले लोक करतात. दगड मात्र दोन्हीकडे गोटेच आहेत. बुटांचा तळ जाड आणि मऊ हवा, चपला-सँडल नकोत. पाऊस पडून गेल्यावर हे गोटे गुळगुळीत होतात, आणि सप्टेंबरात पाऊस असतोच. चाकांची बॅग असेल तर बंदरावरच ठेवा.

खाली दरवाजाच्या बुरुजातून बाहेर पडलात की सावकारांच्या शहरात आलात. इथे मी गटाला पहिल्यांदा वर बघायला लावतो. पिक रस्त्यावरची घरं अरुंद आणि उंच आहेत, रस्त्याकडे त्रिकोणी माथा. त्या त्रिकोणात मोठी झडपं आणि त्यांच्या वर बाहेर आलेली तुळई दिसेल. तुळईला कप्पी लावून माल वर चढवायचे. माणसं तळमजल्यावर राहायची, वरचे मजले म्हणजे कोठार. आत शिरताच मोठी खोली, तिथे सौदे आणि स्वयंपाक. मागची खोली तेवढी फरशीखालून गरम हवा सोडून उबदार ठेवलेली. थंडीत सगळं घर त्या एका खोलीत गोळा व्हायचं. आता या घरांत दूतावास, हॉटेलं आणि दुकानं आहेत, पण बाहेरचा आराखडा तोच आहे. हा पैसा आला कुठून? पश्चिमेकडून मीठ आणि कापड यायचं, पूर्वेकडून, रशियातल्या नोव्हगोरोदहून, मेण आणि फर यायचं, इथल्या शेतांतून धान्य जायचं, आणि ही मंडळी मध्ये बसून कमवायची. हान्सा या व्यापारी संघाचं हे पूर्वेकडचं मोठं ठाणं होतं. त्यावेळचं नाव रेवाल.

याच रस्त्यावर ब्लॅकहेड्स नावाच्या मंडळाची इमारत आहे, तिचा रंगीत कोरीव दरवाजा १६४०च्या सुमाराचा. हे अविवाहित व्यापाऱ्यांचं मंडळ. लग्न झालं की समोरच्या मोठ्या गिल्डमध्ये, म्हणजे विवाहित व्यापाऱ्यांच्या संघात, जागा मिळायची. यांच्या दरवाजावर जो सावळा चेहरा दिसतो तो संत मॉरिस, त्यांचा पालक संत. मोठ्या गिल्डच्या १४१०च्या इमारतीत आता इतिहास संग्रहालय आहे. पाऊस आला तर तिथे शिरा. समोर होली स्पिरिट चर्च, त्याच्या भिंतीवर १६८४ चं कोरीव घड्याळ, अजून चालू. या छोट्या चर्चचं महत्त्व वेगळं आहे. बाकी शहर जर्मनमध्ये बोलत असताना इथे गडी-मोलकरणी आणि हमाल यांच्यासाठी एस्टोनियन भाषेत प्रवचनं होत. १५३५ मध्ये, म्हणजे उक्सक्युलचं डोकं उडालं त्याच वर्षी, इथल्या योहान कोएल या पाद्रीने एस्टोनियनमध्ये आणलेली धर्मप्रश्नोत्तरी छापली गेली. त्या भाषेतलं, थोडं का होईना, हाती आलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक तेच.

चर्चच्या बाजूच्या चिंचोळ्या बोळातून टाउन हॉल चौकात निघा. टाउन हॉल १४०४ मध्ये आजच्या रूपात पुरा झाला. उत्तर युरोपात गॉथिक टाउन हॉल म्हणून टिकलेला हा एकच. मनोऱ्याच्या टोकावरचा वातकुक्कुट म्हणजे 'म्हातारा थॉमस', पहिला थॉमस १५३० मध्ये चढला. तो कोंबडा नाही, हातात निशाण घेतलेला पहारेकरी आहे. कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. १४२२च्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख आहे आणि आजही तिथे क्रोसिन छापाची औषधं मिळतात. बुर्खार्ट या एकाच घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या, १९११ पर्यंत, चालवलं. मागच्या खोलीत जुन्या औषधांचं छोटं प्रदर्शन आहे, बाबांना आवडेल. चौकातल्या हॉटेलांत मात्र जेवू नका. दोन गल्ल्या मागे तेच जेवण बऱ्याच कमी पैशांत मिळतं.

एकच संग्रहालय बघायचं तर निगुलिस्ते. सेंट निकोलस व्यापाऱ्यांचा संत, त्याचं हे चर्च. ९ मार्च १९४४च्या सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात ते जळालं, आजूबाजूच्या हार्यू रस्त्याची एक बाजू नाहीशी झाली. मौल्यवान वस्तू आधीच हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यात बेर्न्ट नॉट्के या ल्यूबेकच्या चित्रकाराचं, पंधराव्या शतकाच्या अखेरचं मृत्युनृत्याचं चित्र आहे. सांगाडे हात धरून पोपला, सम्राटाला, सम्राज्ञीला, कार्डिनलला, राजाला नाचत घेऊन चालले आहेत. मूळ चित्र जवळजवळ तीस मीटर लांब असावं, उरलेला तुकडा साडेसात मीटरचा आहे. जरा लांबून बघा, मग चेहऱ्यांवरचा वैताग बघायला जवळ जा. पोप मरायला तयारच नाही. याच चर्चच्या मनोऱ्यात आता लिफ्ट आहे. म्हणजे आईंना उंचावरून शहर बघायचं असेल तर पायऱ्या न चढता बघता येईल. ओलेविस्ते चर्चचा मनोरा जास्त उंच आहे, पण तिथे अरुंद दगडी गोल जिना आणि दोरखंड धरून चढायचं असतं. तो तुमच्यासाठी. सोव्हिएत काळात केजीबीने त्याच्या सुळक्याचा रेडिओ मनोऱ्यासारखा उपयोग केला होता, आणि त्यांचं मुख्यालयही याच पिक रस्त्यावर होतं.

एवढं सगळं टिकलं कसं, हे लोक हमखास विचारतात. चांगल्या दिवसांमुळे नाही टिकलं. सोळाव्या शतकात या प्रदेशाच्या ताब्यासाठी झालेल्या लिवोनियन युद्धानंतर व्यापार बसला. सावकारांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसा राहिला नाही. मग स्वीडिश आले, १७१० मध्ये रशियन आले, शहर एका मोठ्या साम्राज्याच्या कडेचं बंदर होऊन राहिलं. एकोणिसाव्या शतकात लष्कराला बुरुजांची गरज संपली, खंदकांच्या बागा झाल्या, तट मात्र बराचसा राहिला. आजही साधारण दोन किलोमीटर तट आणि वीसेक बुरूज उभे आहेत. १९६६ मध्ये इथल्या लोकांनी जुन्या शहराला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळवला, सोव्हिएत संघात तसा पहिलाच. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकची शिडाच्या होड्यांची शर्यत टॅलिनला होती, त्या निमित्ताने दुरुस्तीला पैसे आले आणि पोलंडचे कारागीर आले. १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं.

दुपारी उरलेल्या वेळात वेने रस्त्यावरून काटारीना बोळात शिरा. एका बाजूला डॉमिनिकन पंथाच्या साधूंच्या जुन्या चर्चची भिंत, तिला टेकून उभ्या केलेल्या जुन्या थडग्यांच्या शिळा, दुसऱ्या बाजूला काच, कातडं आणि कापडकाम करणाऱ्या बायकांच्या कार्यशाळा. तिथून तटाला लागून लोकरी स्वेटरवाल्या, मग विरू दरवाजा. खरेदीचं एक सांगतो. अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा पिवळसर दगड, सगळीकडे दिसेल, पण ते बहुतेक दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरून येतं, आणि लाकडी बाहुल्यात बाहुली रशियन. इथलं घ्यायचं असेल तर लोकर, लिनन, नाहीतर जुनिपरच्या लाकडाची पळी. तिचा वास वर्षभर जात नाही. तटाच्या आतल्या बुरुजांपैकी किक इन दे क्योक हा तोफांचा बुरूज भक्कम आहे, संग्रहालयही चांगलं आहे, पण जिने फार. तुमच्या दिवसात तो बसत नाही, सोडून द्या.

शाकाहारी जेवणाची फार काळजी नको. मशरूम सूप, पॅनकेक आणि काळा राय ब्रेड सगळीकडे मिळतो. सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का हे विचारायचं. आई-बाबांना कामा नक्की द्या. भाजलेलं जव, राय, ओट आणि वाटाणा यांचं पीठ, ताकात किंवा केफिरमध्ये कालवून. सातूचं पीठ खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासातच घरचं वाटतं. सोडलेलं मसालेदार जेवण आठवलं तर जुन्या शहराच्या बाहेर, रेल्वे स्टेशनला लागून बाल्टी याम बाजार आहे, तिथे बरेच पर्याय आहेत. शौचालयाचा प्रश्न ज्येष्ठांबरोबर सगळ्यात मोठा असतो. जुन्या शहरात सार्वजनिक मोजकी आहेत, म्हणून कॅफेत बसलात की उठण्याआधी जाऊन या. विरू दरवाजाबाहेरच विरू केस्कुस मॉल आहे, तिथे सोय होते.

कागदपत्रांचं. फिनलंड आणि एस्टोनिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे आई-बाबांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी टॅलिनला जाऊन परत येणं हा नवा प्रवेश धरला जात नाही. हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. पासपोर्ट मात्र मूळ घ्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही. बहिणीला तिचं रहिवासी कार्ड घ्यायला सांगा. बोट दोन ते अडीच तास घेते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी दोन्ही बंदरांत वेगवेगळ्या टर्मिनलवरून सुटतात, तेव्हा परतीच्या तिकिटावर कुठलं टर्मिनल आहे ते सकाळीच बघून ठेवा. सुटायच्या वेळेच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. विरू दरवाजापासून टर्मिनलपर्यंत आईंच्या चालीने पंचवीस मिनिटं धरा किंवा टॅक्सी करा.